डोंग्यातील बैठक

भामरागडच्या वस्तीखाली पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या ज्या ठिकाणी एकत्र येतात तेथे, पाऊस नुकताच ओसरला असताना, अखंड खोड कोरून केलेल्या डोंग्यातून पैलतीरी जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा मी नावाड्याच्या अनुमतीने वल्हे हाती घेतले. पाय पसरून बसलो होतो. तीसएक हात मारले नाहीत तोच कंबर भरून आली. मागील टोकाला उकिडवा बसलेला तो माडिया गृहस्थ मात्र संथपणे पाणी कापीत होता: टाचा डोंग्याच्या तळाशी टेकलेल्या, गुडघे छातीच्या दोन्ही अंगांस, आणि वल्हे पुढे नेताना शरीर कमरेत न मोडता जांघेतून झुकत असलेले. योगाभ्यासी ज्याला मालासन म्हणतात, ते त्याला चुलीपुढे नि अंगणात बसता बसता लहानपणापासून साधलेले होते.

चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळ यांनी ज्यात २०१६ साली रिओच्या ऑलिम्पिकमध्ये १३वा क्रमांक मिळविला, ते शर्यतीचे नौकानयन वरकरणी याच्या अगदी उलट. तेथे खेळाडू सरकत्या बैठकीवर, गंतव्याकडे पाठ करून बसतो, आणि जोर प्रथम पायांचा, मग धडाचा, शेवटी हातांचा लागतो. परंतु प्रत्येक हात पुरा झाला की पाय सरळ असतानाच त्याला जांघेतून पुढे झुकावे लागते. मांडीमागील शिरा आखडलेल्या असल्या तर तो झोक कमरेच्या मणक्यांकडून वसूल होतो, आणि २००० मीटरांत ही वसुली दोनशेहून अधिक वेळा होते.

म्हणूनच पश्चिमोत्तानासनाचा मी आग्रह धरतो, परंतु एका अटीवर. कपाळ गुडघ्याला टेकविण्याच्या हव्यासाने पाठीची कमान करणारा खेळाडू नेमका तोच दोष दृढ करीत असतो. कणा लांब ठेवून, वाटल्यास गुडघे किंचित दुमडून, जेवढे झुकता येईल तेवढेच खरे. एकाच बाजूस वल्हे मारणाऱ्याने अर्धमत्स्येंद्रासन दोन्ही अंगांनी करावे, थकल्या पाठीसाठी शलभासन. दम आणि ताकद मात्र पाण्यावरच कमवावी लागते. लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासून पाहणाऱ्या स्वामी कुवलयानंदांच्या मुलखात तरी याहून मोठे दावे कोणी करू नयेत.

पैलतीर लागला तेव्हा मी डोंग्याची कड धरून उठलो. तो हातांचा आधार न घेता उठला, वल्हे वाळूत रोवले, आणि तुंब्याने डोंग्यातले पाणी उपसू लागला. ओणवतानाही त्याची पाठ तशीच सरळ होती.