बिनभाड्याचे बिऱ्हाड

शहरात जागा मिळणे किती कठीण, हे मराठी वाचकाला कोणी शिकवायला नको. पागडी, डिपॉझिट आणि दलाल हे आपले तीन नवे पुरुषार्थच होऊन बसले आहेत. परंतु याच टंचाईचा फटका आणखी एका वर्गाला बसला आहे, आणि त्याची दाद घ्यायला कोणतेही कोर्ट नाही. मी पाखरांविषयी बोलतो आहे.

वाडे होते तेव्हा चिमणीला जागेची ददात नव्हती. आढ्याची खाच, कौलांखालची फट, नाहीतर आजोबांच्या तसबिरीमागचा अडोसा. तसबिरी पूर्वी वरून पुढे झुकलेल्या लावीत, त्या जणू चिमण्यांच्या सोयीसाठीच! आता भिंती गुळगुळीत झाल्या, खिडक्यांना काचा आल्या आणि गॅलऱ्यांना जाळ्या. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात चिमणी एकंदर देशात टिकून असली तरी महानगरांत घटत असल्याचे दिसले.

पाखराच्या लेखी एका बिळाचे मोल काय असते, हे सालिम अलींच्या १९८५ सालच्या आत्मचरित्रातून कळते. दहाएक वर्षांचे असताना त्यांनी तबेल्यातल्या भिंतीच्या भोकाशी राखण करणारा चिमणा छऱ्याच्या बंदुकीने टिपला. मादी आत अंड्यांवर होती. थोड्याच वेळात दुसरा चिमणा तिथे राखणीला हजर! सात दिवसांत असे आठ नर पडले, तरी जागा रिकामी राहिली नाही. पोरवयातला तो उद्योग क्रूर खरा; पण टिपून ठेवलेली नोंद पुढे मोलाची ठरली.

तेव्हा लाकडी पेटी टांगणे म्हणजे हरवलेले भोक परत करणे. शोभेची वस्तू टांगणे नव्हे. म्हणूनच ती कोणासाठी, हे आधी ठरवावे. बुलबुल फांदीच्या बेचक्यात वाटीसारखे घरटे बांधतो, शिंपी पान शिवतो, शिंजीर झोळी टांगतो. ही मंडळी पेटीकडे ढुंकूनही पाहणार नाहीत. पेटी लागते ती चिमणीला, बाग जरा झाडीची असेल तर इवल्याशा वल्गुलीला, आणि आपल्या अंगणातला खरा गवई जो दयाळ, त्याला. काळापांढरा, शेपटी उभारून बसणारा हा पक्षी बांगलादेशाने राष्ट्रीय पक्षी म्हणून निवडला आहे. त्याची पहाटेची तान ज्याने ऐकली, त्याला सकाळी रेडिओ लावावासा वाटत नाही.

चिमणीसाठी तळ पाच इंच चौरस, उंची आठ-नऊ इंच आणि दार सव्वा इंचाचे पुरे. दार तळापासून पाचेक इंच वर असावे, म्हणजे मांजराचा पंजा अंड्यांपर्यंत पोचत नाही. दयाळाला पेटी जरा मोठी आणि दार दोन इंचांचे लागते. मात्र तेवढ्या दारातून साळुंकीही हक्क सांगायला येते, आणि ती भांडणात हार जाणारी नाही. जुन्या खोक्याची पाऊण इंची फळी उत्तम. तळाला चार बारीक भोके पाणी निथळायला, वरच्या कडेशी दोन हवेला, आणि छप्पर उघडता येईल असे.

आमचे सुतारबुवा आतून पॉलिश मारायला निघाले होते. “साहेब, काम दिसलं पाहिजे ना?” त्यांना मोठ्या मिनतवारीने थांबवले. आतली फळी खरखरीतच हवी, नाहीतर पिलांना दारापर्यंत चढता येत नाही. बाजारच्या पेट्यांना दाराखाली बसायला एक दांडी असते. ती काढून टाकावी. भोकात राहणाऱ्या पाखराला तिची गरज नसते; कावळ्याला मात्र ती फार सोयीची.

शेजारच्या इमारतीत एका हौशी गृहस्थांनी पत्र्याची रंगीत पेटी पश्चिमेच्या गॅलरीत टांगली होती. एप्रिलात तिच्यातून तीन मेलेली पिले निघाली. आपल्या उन्हाळ्यात पत्रा म्हणजे भट्टी! पेटी आठ-दहा फूट उंचीवर, सावलीत, पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड करून लावावी. पश्चिमेचे ऊन आणि नैर्ऋत्येचा पाऊस दोन्ही चुकतात. चिमण्यांना शेजार आवडतो, चार पेट्या जवळजवळ चालतात. दयाळ मात्र दुसऱ्या दयाळाला हद्दीत पाय ठेवू देत नाही. आरशातल्या स्वतःच्या प्रतिबिंबाशीसुद्धा तो झुंजतो. त्याला एकच पेटी.

बिऱ्हाड आले की मालकाने दूर राहावे. मुलांना झाकण उघडून पाहण्याचा मोह अनावर होतो, पण पिले वेळेआधी बाहेर पडली तर ती मांजराचीच. चिमणीची अंडी बारा-तेरा दिवसांत उबतात आणि पुढे पंधरवड्यात पिले उडतात. एवढा महिना दम धरवत नसेल, तर पेटी लावूच नये. घर रिकामे झाल्याची खात्री पटली की जुना काडीकचरा काढून उकळते पाणी ओतावे आणि पेटी उन्हात वाळवावी. पिसवा-गोचिडांचा बंदोबस्त तेवढ्याने होतो. फिनेल किंवा औषधी फवारा नको. साफ करताना नाकाला रुमाल बांधावा.

खरी अडचण पुढेच असते. थोरली चिमणी ताटातला भात खाईल, पण पिलांना अळ्या आणि किडे लागतात. ज्या सोसायटीत दर महिन्याला फवारणी होते, तिथे पेटी म्हणजे वाण्याचे दुकान नसलेल्या ओसाड माळावरचा बंगला. आमच्या इमारतीत या फवारणीवरून दोन सभा गाजल्या. अखेर मागच्या अंगणाची फवारणी बंद झाली आणि तिथल्या कढीपत्त्याच्या, लिंबाच्या झाडांवर अळ्या दिसू लागल्या. चिटणीस अजून रुसलेले आहेत.

दयाळाची वीण मार्चच्या सुमारास सुरू होते. दिवाळीची आवराआवर उरकली, की पेटी लगेच टांगून ठेवावी. तोवर नव्या लाकडाचा वास उडून जातो.