पत्र्याखालचे घर आणि आमचा हिशोब

मार्च महिना लागला की आमच्या मालेगावात कूलरच्या दुकानांवर गर्दी होते. जुना कूलर दुरुस्त होतो, नवा हप्त्यावर येतो. छपराची चौकशी मात्र कोणी करीत नाही. पारा चाळिशीच्या वर गेला की सगळे म्हणतात, ‘यंदा ऊन फार.’ पण घरात येणारे ऊन दारातून कमी आणि डोक्यावरच्या पत्र्यातून जास्त येते, हे कोणी पाहत नाही. आम्हीही पाहिले नव्हते.

आमच्याकडे पुष्कळ ठिकाणी खाली यंत्रमागांचा कारखाना आणि वर पत्र्याचे घर असते. आमचेही तसेच होते. धंद्यात चार पैसे आले की आम्ही माग घ्यायचो, सूत भरून ठेवायचो. वरचे पत्रे वडिलांच्या काळातले तसेच राहिले. अम्मी रोज दुपारी जेवण झाले की जिना उतरून कारखान्याच्या दाराशी पाट टाकून बसत. मागांचा खडखडाट, उडणारी रुई, तरी तेथेच बसत. आम्हांला वाटायचे, येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलायला येतात.

एका मे महिन्यात पायाला सूज आल्यामुळे त्यांना जिना उतरता आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी भावजयीने हाक मारली. अम्मी बेशुद्ध पडल्या होत्या, अंग भट्टीसारखे तापले होते. डॉक्टर म्हणाले, ‘यांना ऊन लागले आहे.’ आम्ही विचारले, घराबाहेर पाऊल न टाकलेल्या बाईला ऊन कसे लागेल? डॉक्टरांनी वर पत्र्याकडे बोट दाखवले.

अम्मी बऱ्या झाल्या. पण तीस वर्षे कापडाचा व्यापार करूनही ही गोष्ट ध्यानात आली नाही, याची आम्हांला शरम वाटली.

रजईचा कायदा छपरालाही

व्यापारी बंधूंनो, रजईत ऊब कशाने राहते? कापूस स्वतः गरम नसतो. त्याच्या तंतूंमध्ये अडकून राहिलेली हवा उष्णता पलीकडे जाऊ देत नाही. म्हणूनच रजई पिंजून फुलवली की ऊब देते आणि दबून गेली की देत नाही. छपराचे काम याच कायद्याने चालते. लोखंडी पत्रा उष्णता लगेच आत सोडतो. थर्माकोल, ग्लासवूल, रॉकवूल यांत हवा अडकलेली असते, म्हणून ते उष्णता अडवतात. खानदेशातील जुनी धाब्याची घरे दुपारी थंड असत, कारण वर मातीचा जाड थर असे आणि ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होई. आपण धाबे पाडून पत्रे टाकले, पण त्या थराच्या जागी दुसरे काही घातले नाही.

कामाचा क्रम

पहिले काम वरून. छप्पर पांढरे करावे. स्वच्छ पांढरा पृष्ठभाग उन्हाचा मोठा भाग परत फेकतो. गंजका, काळवंडलेला पत्रा तो पिऊन घेतो. सिमेंटच्या पत्र्यावर आणि स्लॅबवर चुन्यात थोडा फेविकॉल मिसळून दोन हात दिले तरी चालते. लोखंडी पत्र्यावर नुसता चुना टिकत नाही. तेथे गंज घासून प्रायमर द्यावा आणि त्यावर बाहेरच्या कामाचा पांढरा रंग लावावा. धूळ बसली की गुण कमी होतो, म्हणून दर उन्हाळ्यापूर्वी छप्पर धुवावे. चुना दरवर्षी नवा द्यावा.

कापडाचेच शहर असलेल्या अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला होता. तेथील महापालिकेने २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला आणि २०१७ मध्ये गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगण सरकारने २०२३ साली थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. जे काम सरकारांनी अंगावर घेतले, ते आपल्या घरापुरते करायला आपण कोणाची वाट पाहायची?

दुसरे काम आतून. पत्र्याच्या खाली वीतभर जागा सोडून आडवे छत बांधावे आणि त्यावर ग्लासवूल किंवा रॉकवूलचा थर पसरावा. थर दाबून बसवू नये. रजईचे उदाहरण आठवावे. चकचकीत फॉइलची शीट लावायची असेल तर तिच्या आणि पत्र्याच्या मध्ये मोकळी हवा हवी. पत्र्याला चिकटवली तर तिचा उपयोग फारसा होत नाही.

तिसरे काम हवेचे. गरम हवा वर चढते. छपराच्या उंच टोकाला तिला बाहेर पडायला जाळीची वाट ठेवावी.

ज्यांचा स्लॅब आहे त्यांचा त्रास वेगळा. स्लॅब दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री खाली सोडतो. त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवले तर गळतीही थांबते आणि रात्रही सुसह्य होते.

हे मात्र करू नका

आमच्या धंद्यातले काही लोक फुकट मिळते म्हणून चिंध्या आणि सुताचा कचरा पत्र्याखाली भरतात. थर चांगला होतो, पण वायरीची एक ठिणगी पडली तर घर आणि कारखाना दोन्ही जातात. उंदीर होतात ते वेगळेच. थर्माकोलही जळतो आणि त्याचा धूर जीवघेणा असतो. तो वापरायचाच असेल तर आग लवकर न धरणारा घ्यावा आणि खालून जिप्सम किंवा सिमेंटच्या बोर्डाने झाकावा.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असते. ते घासू नयेत, कापू नयेत, भोके पाडू नयेत. त्याची धूळ फुप्फुसांत बसते. त्यावर रंग द्यावा, खाली छत बांधावे, पण पत्र्याला हात लावू नये. चढताना पत्र्यावर सरळ पाय देऊ नये, फळी टाकावी. आणि गळती आधी बंद करावी. थर भिजला की काम वाया जाते.

हिशोब

दोनशे वॅटचा कूलर दहा तास चालला की दोन युनिट वीज जाते, महिन्याला साठ. हा खर्च दर उन्हाळ्यात नव्याने होतो. छताचा खर्च एकदाच होतो. सगळे एकदम जमत नसेल तर यंदा रंग, पुढच्या वर्षी छत, असे करावे. काम फेब्रुवारीत काढावे. मे महिन्यात मजूरही मिळत नाही आणि पत्र्यावर पायही ठरत नाही.

कारखान्यालाही याचा फायदा आहे. हवा तापून कोरडी झाली की सूत तुटते, हे प्रत्येक विणकर जाणतो. छप्पर थंड राहिले तर ताणा कमी तुटतो आणि माग कमी थांबतो. कांड्या भरणाऱ्या बाया दुपारभर पत्र्याखालीच काम करतात. त्यांच्या घराचे छप्पर आपल्या खातेवहीत नसते, पण त्यांचा आजार आपल्या मालात उतरतो. मालकांनी चुन्याची दोन पोती आणि रंगाऱ्याचा एक दिवस त्यांच्याही घरी पाठवावा. आम्ही गेली दोन वर्षे पाठवतो.

अम्मी आता दुपारी वरच झोपतात. त्यांनी स्वतः कधी तक्रार केली नव्हती. घरातली म्हातारी माणसे तक्रार करीत नाहीत, फक्त जागा बदलतात. उद्या दुपारी दोन वाजता आपल्या घरी वरच्या खोलीत अर्धा तास बसून पाहा. कूलर घ्यायचा की छप्पर करायचे, ते मग ठरवा.