नेम आणि काडतूस

'काडतूस' हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला आणि 'बंदूक' अरबीतून. 'नेम' मात्र अगदी घरचा वाटतो. नेम म्हणजे निशाणा आणि नेम म्हणजे रोजचा न चुकणारा परिपाठ. हे दोन अर्थ एकाच शब्दात का राहतात, ते मला एका लहानशा काडतुसाने शिकवले.

माझा भाचा रायफल नेमबाजी शिकतो. एकदा त्याने विचारले, "मामू, पॉइंट टू टू मधलं कुठलं काडतूस घेऊ?" मी कवी माणूस, काय सांगणार? पण अब्बांची एक गोष्ट आठवली. शिकारीवर बंदी येण्यापूर्वी तरुणपणी ते मित्रांबरोबर गौताळ्याच्या डोंगरात गेले होते. कोणीतरी याच लहान काडतुसाने हरणावर गोळी झाडली. हरीण पडले नाही, पळाले. संध्याकाळपर्यंत गवतावर रक्ताचे थेंब सापडत राहिले. हरीण काही सापडले नाही. अब्बांनी पुन्हा बंदुकीला हात लावला नाही.

चूक गोळीची नव्हती, निवडीची होती. या काडतुसातली शिशाची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. सशासारख्या लहान जनावराला ती पुरे. मोठ्याला बहुधा नुसते घायाळ करते. पुढे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला, आणि 1991च्या दुरुस्तीने परवान्याने शिकार करण्याची वाटही बंद झाली.

उरला तो कागद. तिथे मात्र हाच दुबळेपणा गुण ठरतो. अमेरिकेत 1887 साली निघालेल्या या काडतुसाचा धक्का खांद्याला फारसा जाणवत नाही. स्पर्धेच्या गोळीचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा थोडा कमी ठेवतात, कारण ती सीमा ओलांडताना हवेच्या हेलकाव्याने गोळी डळमळते. 50 मीटर जाईपर्यंत ती सुमारे 12 सेंटीमीटर खाली येते. वेग जरा कमीजास्त झाला की हे अंतरही बदलते. आणि दहा गुणांचे वर्तुळ तर अवघे 10.4 मिलिमीटरचे! म्हणून इथे जोर नको, सारखेपणा हवा.

भाच्याच्या प्रशिक्षकांनी निवडीची रीत सांगितली. नावाजलेल्या कंपनीच्या काडतुसांतही प्रत्येक घाण्याचा माल थोडा वेगळा असतो, आणि प्रत्येक नळीची आवड निराळी. रायफल पक्की टेकवून प्रत्येक घाण्याच्या दहा-दहा गोळ्या झाडायच्या. ज्यांची भोके सर्वांत जवळजवळ पडतील, तो माल आपला. महागाचाच जिंकेल असे नाही.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला 50 मीटर प्रकारात जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमधून कांस्यपदक आणले. दोघांच्याही रायफलीत काडतूस होते ते हेच.

परवा भाच्याने आपला कागद नानांपुढे ठेवला. पाच गोळ्यांचे मिळून एकच भोक. अब्बांनी त्यावरून बोट फिरवले, बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अच्छा है बेटा, कागज भागता नहीं."