आमचा मुंबईचा फुटबॉल संघ : त्याचे बळ आणि आमची काळजी

खेळाच्या गोष्टी निघाल्या की आपल्याकडे बहुधा क्रिकेट आणि कबड्डी यांच्यावरच चर्चा रंगते. आज मी फुटबॉलविषयी बोलणार आहे, आणि तेही एकाच संघाविषयी. तो संघ म्हणजे मुंबई सिटी फुटबॉल क्लब. मी काही खेळाचा तज्ज्ञ नव्हे. महाविद्यालयात शिकवणारा माणूस. या संघाचा साधा चाहता. मात्र शिकवण्याच्या धंद्यात एक खोड लागते. आवडत्या विद्यार्थ्याचेही गुण मोजून द्यावे लागतात. तसे आज या संघाचे गुण आणि उणिवा दोन्ही मोजून पाहू.

आमचे गास गाव वसई तालुक्यातले. नालासोपारा स्टेशनापासून जवळ. केळीच्या वाड्या, विहिरी, भाताची खाचरे आणि त्यांच्या कडेकडेने वाढत आलेल्या इमारती, असा आमचा परिसर. नालासोपाऱ्याहून लोकल धरली की अंधेरीला उतरायचे आणि तिथल्या महापालिकेच्या शहाजीराजे क्रीडासंकुलातले मैदान गाठायचे, ही आमच्यासारख्या चाहत्यांची वाट. हे मैदान मोठे नव्हे. सात-आठ हजार माणसे बसली की भरते. पण खेळ अगदी डोळ्यांपुढे होतो, आणि खेळाडूने सोबत्याला घातलेली हाकसुद्धा ऐकू येते.

प्रथम थोडी माहिती. इंडियन सुपर लीग ही स्पर्धा २०१४ साली सुरू झाली आणि आमचा संघ तेव्हापासूनच तिच्यात आहे. या स्पर्धेत दोन बक्षिसे असत. पुष्कळांचा इथेच घोटाळा होतो, म्हणून सांगतो. सर्व संघ एकमेकांशी खेळत, जिंकल्याचे तीन गुण, बरोबरीचा एक. शेवटी ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्याला शिल्ड मिळे. त्यानंतर वरच्या क्रमांकाचे संघ बाद पद्धतीने खेळत आणि अखेरचा सामना जिंकणारा कप नेई. शिल्ड म्हणजे वर्षभराच्या अभ्यासाचे गुण. कप म्हणजे वार्षिक परीक्षेचा निकाल. शाळेतल्या मंडळींना हा फरक लगेच कळेल!

२०२०-२१ च्या हंगामात आमच्या संघाने दोन्ही मिळवली. एकाच हंगामात शिल्ड आणि कप जिंकणारा या स्पर्धेतला तो पहिला संघ. साथीच्या त्या वर्षी सगळे सामने गोव्यात, रिकाम्या स्टेडियमांत झाले. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याला अंतिम सामना होता, समोर कोलकात्याचा एटीके मोहन बागान. एक-एक अशी बरोबरी होती आणि नव्वदाव्या मिनिटाला मणिपूरच्या बिपिन सिंगने गोल केला. आम्ही सारे घरी दूरदर्शन संचापुढे होतो. पुढे २०२२-२३ मध्ये पुन्हा शिल्ड आली आणि २०२३-२४ मध्ये पुन्हा कप. म्हणजे चार हंगामांत चार मानचिन्हे.

आता याचे बळ कशात होते ते पाहू.

पहिले बळ खेळण्याच्या पद्धतीत. आपल्याकडे पोरे फुटबॉल खेळतात तेव्हा काय करतात? चेंडू आला की जोराने लाथ मारायची आणि सगळ्यांनी त्याच्यामागे धावायचे. मुंबईचा संघ असे करीत नाही. गोलरक्षक चेंडू उगाच लांब भिरकावत नाही. तो जवळच्या गड्याला देतो. तो गडी मधल्या फळीत देतो, तिथून बाजूला, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. नवख्याला वाटते, हे काय चालले आहे, पुढे का जात नाहीत? पण वाडीत पाणी सोडताना आपण काय करतो? एकदम लोंढा सोडत नाही. पाटाने पाणी नेतो आणि एकेक वाफा भरला की पुढचा बांध फोडतो. चेंडूचेही तसेच. समोरचा बचाव जिथे सैल पडेल तिथे वाट फोडायची. शिवाय, चेंडू जोवर आपल्यापाशी आहे तोवर दुसऱ्याला गोल करता येत नाही, हा हिशेब आहेच. २०२२-२३ मध्ये या पद्धतीने संघाने वीस सामन्यांत ५४ गोल केले आणि सलग अठरा सामने हार म्हणून पाहिली नाही.

दुसरे बळ असे की, माणूस गेला तरी पद्धत राहिली. स्पेनचे सर्जिओ लोबेरा पहिली दोन मानचिन्हे मिळवून गेले. इंग्लंडचे डेस बकिंगहॅम आले. तेही नोव्हेंबर २०२३ मध्ये ऐन हंगामात मायदेशीच्या क्लबाकडे गेले आणि पेट्र क्रात्की आले. असे शिक्षक बदलले तर वर्गाची काय अवस्था होते ते आपण जाणतोच. इथे मात्र मार्ग ठरलेला होता, म्हणून वर्ग बिघडला नाही.

तिसरे बळ जिद्दीचे. १५ एप्रिल २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर बरोबरी साधली असती तरी शिल्ड आमची होती. तिथे मोहन बागानने दोन-एकने हरवले आणि शिल्ड गेली. नऊ दिवसांनी गोव्यात उपांत्य सामना. नव्वदावे मिनिट येईपर्यंत आम्ही दोन गोलांनी मागे. आणि त्यानंतरच्या काही मिनिटांत तीन गोल! त्यांतले दोन मिझोरामच्या लालियानझुआला छांगटेचे. मग ४ मे रोजी पुन्हा तेच सॉल्ट लेक, तोच मोहन बागान, साठ हजारांवर प्रेक्षक विरुद्ध बाजूचे, पहिला गोलही त्यांचाच. तरी सामना आम्ही तीन-एक असा जिंकला. एकोणीस दिवसांपूर्वी जिथे पडले तिथेच उठून उभे राहिले. मुलांना अपयशाविषयी सांगायचे असेल, तर हे उदाहरण जरूर सांगावे.

हे झाले कौतुक. आता काळज्या.

पहिली काळजी खेळातलीच आहे. चेंडू ठेवून खेळायचे तर सगळ्या संघाला पुढे सरकावे लागते, आणि मग पाठीमागे मोकळे रान पडते. मधेच चेंडू हिसकावला गेला तर समोरचे दोन चपळ गडी त्या रानात घुसतात. सारे घर जत्रेला गेले आणि दार उघडे राहिले, अशी गत होते. पुढची फळी भरपूर गोल करीत होती तोवर हे झाकून गेले. २०२४-२५ मध्ये गोल आटले. चोवीस सामने खेळूनही ते दोन वर्षांपूर्वीच्या निम्म्याच्या आसपासच राहिले. नऊ सामने बरोबरीत सुटले आणि संघ सहावा आला. बाद फेरीत बंगळुरूने पाच-शून्य असा धुव्वा उडवला. चेंडू ठेवणे आणि गोल करणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे त्या दिवशी लख्ख दिसले.

दुसरी काळजी, घडवलेले गडी हातचे जातात. २०२४ चा कप जिंकल्यावर मधल्या फळीचा कणा असलेला मिझोरामचा अपुइया मोहन बागानकडे गेला. राहुल भेके आणि परेरा दियाझ बंगळुरूला गेले. २०२५ मध्ये बिपिन सिंग ईस्ट बंगालकडे गेला. खेळाडूंचा यात दोष नाही. खेळाचे आयुष्य थोडे असते. जिथे चार पैसे जास्त आणि भरवसा जास्त, तिथे माणूस जाणारच. पण उत्तम गडी गेल्यावर त्याच्या जागी उभा राहणारा तयार हवा. तो एका उन्हाळ्यात तयार होत नाही.

तिसरी काळजी सर्वांत मोठी, आणि ती मैदानाबाहेरची आहे. २०१९ साली या संघाचा ६५ टक्के हिस्सा सिटी फुटबॉल ग्रुपने घेतला होता. इंग्लंडचा मँचेस्टर सिटी हा नामांकित क्लब याच समूहाचा. वर ज्या पद्धतीचे वर्णन केले, तिच्यामागे या समूहाचे पाठबळ होते. पुढे २०२५ मध्ये लीगच अडखळली. ती चालवण्यासंबंधी फुटबॉल महासंघाचा २०१० मधला पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता आणि पुढचे काही ठरत नव्हते. दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणारी स्पर्धा सुरूच झाली नाही. डिसेंबरात सिटी ग्रुपने आपला हिस्सा सोडला आणि संघ पुन्हा मूळ मालकांकडे आला. स्पर्धा अखेर फेब्रुवारी २०२६ मध्ये, आखूड करून, खेळवायला घेतली गेली.

श्रोतेहो, मुंबईच्या फुटबॉलला ही भीती नवी नाही. कूपरेजच्या मैदानावर रंगणारा रोव्हर्स कप १८९१ पासूनचा. देशभरचे संघ तिथे येत. ती स्पर्धा या शतकाच्या आरंभी बंद पडली. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०१० मध्ये कंपनीने संघच मोडला. म्हणजे हा संघ हरून हरून संपला नाही, चांगला चालता असताना संपला. कारण तो एका कचेरीच्या निर्णयावर उभा होता. ज्या झाडाचे मूळ कुंडीत आहे, त्या झाडाला किती फुले आली याला फारसा अर्थ नसतो. कुंडी ज्याची, तो ती केव्हाही उचलून नेऊ शकतो.

मग मूळ जमिनीत असलेला फुटबॉल कुठे आहे? फार लांब जायला नको, कोल्हापुरात आहे. तिथे संघांना मालक नाहीत. तिथे तालमी आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तालमींची नावे, आणि तीच संघांची नावे. पेठेतला मुलगा पेठेतल्या तालमीचा संघ आपला मानूनच वाढतो. शाहू स्टेडियमवर सामना असला की माणसांची झुंबड उडते. त्याच कोल्हापूर जिल्ह्यातला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. चुरस हाताबाहेर जाते आणि कधी भांडणेही होतात, हे खरे. तो दोष झाकण्यात अर्थ नाही. पण तो संघ उद्या कुणी विकून टाकील, अशी भीती तिथल्या चाहत्याला नाही.

आणि इथेच माझ्या मनातली खरी बोच येते. आमच्या मुंबईच्या संघाला यश दिले ते मिझोराम, मणिपूर, सिक्कीम या प्रांतांतल्या मुलांनी. त्यांचे ऋण आम्ही मानतो. ती मुले आम्हाला आमचीच वाटतात. पण आमच्या मातीतली मुले त्यांच्या शेजारी किती दिसली? फारच थोडी. दिसली तेव्हा मात्र त्यांनी नाव राखले. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबईने इराकच्या एअर फोर्स क्लबला दोन-एक असे हरवले. भारतीय क्लबाने या स्पर्धेच्या गटफेरीत जिंकलेला तो पहिला सामना. त्यातला विजयी गोल डोक्याने मारला तो राहुल भेकेने, मुंबईच्या पोराने! उद्या असा एखादा पोर वसईचा, पालघरचा, जव्हारचा का नसावा?

मिझोराममध्ये डोंगराळ मुलुख आहे, सपाट जागा सोन्यासारखी. तरी तिथले गाव मैदान राखते आणि मुले लहानपणापासून नियमाने खेळतात. आमच्याकडे सपाट जमीन होती, अजून थोडी आहे. भात कापून खाचरे मोकळी झाली की पोरे खांब रोवून खेळायला लागतात. शाळांपुढे, चर्चपुढे पटांगणे आहेत. उणीव आहे ती शिकवण्याची, आणि आता मैदाने टिकवण्याचीही.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना चार गोष्टी सुचवतो. एक, बावीस मुले आणि एक चेंडू असा खेळ रोज नको. त्यात निम्म्या मुलांच्या पायाला चेंडू लागतच नाही. पाच-पाच मुलांचे लहान संघ करा, मैदानही लहान आखा. दोन, पाच मुलांचे रिंगण करून मधे एकाला उभे करा. रिंगणातल्यांनी चेंडू एकमेकांना द्यायचा, मधल्याने तो अडवायचा. ज्याचा चेंडू अडवला तो मधे. मोठमोठे क्लब सरावात हेच खेळतात, आणि खर्च एका चेंडूचा. तीन, डाव्या पायानेही खेळायला लावा. लहानपणी बसलेली सवय जन्मभर पुरते. चार, मुलींना वगळू नका. आणि हो, गोल करणाऱ्याची पाठ थोपटताना, ज्याने चेंडू पुढे दिला त्याचीही थोपटा. यातूनच संघ म्हणजे काय ते मुलाला कळते.

ग्रामस्थांनाही एक सांगणे आहे. गावाच्या विकासाच्या नकाशावर मैदानाची खूण आहे की नाही ते बघा, आणि ग्रामसभा असेल तिथे तिच्यात, महापालिका असेल तिथे नगरसेवकाला, विचारा. इमारत दोन वर्षांनीही उभी राहील. गेलेले मैदान परत येत नाही.

मुंबई सिटीचे मालक कोण असावेत, लीगचा करार कुणाशी व्हावा, हे तुमच्या-आमच्या हातात नाही. संघ जिंकेल, हरेल, पुन्हा जिंकेल. आम्ही लोकलने अंधेरीला जात राहू. पण त्या अकरांत एखादा आपल्या गावचा असावा असे वाटत असेल, तर तो आज दहा वर्षांचा आहे, कुठल्या तरी शाळेत चौथी-पाचवीत बसला आहे, आणि संध्याकाळी त्याला खेळायला जागा हवी आहे. तेवढी आपण देऊ शकतो.