ऑरोरा पुरस्कार: बक्षीस मिळतं, पण वाटून टाकण्यासाठी

नोबेल सगळ्यांना ठाऊक, ऑरोराचं नाव मात्र आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात ऑटोमन साम्राज्यात झालेल्या आर्मेनियन वंशसंहारातून वाचलेल्यांच्या वतीने, त्यांना वाचवणाऱ्यांचे ऋण मानून हा मानवतावादी कामासाठीचा पुरस्कार २०१५ मध्ये सुरू झाला. नाव ऑरोरा मार्डिगानियन हिचं. ती किशोरवयात या संहारातून निसटली आणि १९१९ च्या मूकपटात तिने स्वतःचीच भूमिका केली!

पहिला मान २०१६ मध्ये बुरुंडीच्या मार्गरीट बारांकित्से यांना मिळाला. ऑक्टोबर १९९३, रुयिगी गाव. हल्लेखोरांनी त्यांना बांधून ठेवलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ७२ माणसं मारली. त्या प्रसंगातून त्यांनी २५ मुलं वाचवली आणि पुढे ‘मेझों शालोम’ ही अनाथ मुलांसाठीची संस्था उभी केली. एकमेकांशी लढणाऱ्या हुतू आणि तुत्सी, दोन्ही समाजांची पोरं एकाच छपराखाली. २०१५ मध्ये त्यांनाच देश सोडून रवांडात जावं लागलं. तिथेही निर्वासितांसाठी काम सुरूच.

मला भावते ती पैशांची अट: २०१६ च्या पुरस्काराचे दहा लाख डॉलर विजेत्याने निवडलेल्या संस्थांना गेले. या पुरस्काराशी आपलाही धागा आहे: २०१८ च्या अंतिम यादीत हैदराबादच्या ‘प्रज्वला’ या संस्थेच्या सुनीता कृष्णनही होत्या.

पुरस्कारासाठी नाव कुणालाही सुचवता येतं. असं काम करणारं कुणी तुमच्या माहितीत असेल तर जरूर सुचवा.