इंग्रजी भूतकाळ आणि क्रियाविशेषणाची जागा

बेळगाव-निपाणी भागातील मराठी विद्यार्थ्याच्या कानावर भूतकाळाच्या दोन भिन्न रीती सतत पडत असतात, आणि इंग्रजीची तिसरी रीत त्यांच्याशेजारी ठेवून समजावली तर ती लवकर उमगते. मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात बहुधा कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, म्हणजे ‘गीताने पत्र लिहिले’ पण ‘गीताने चिठ्ठी लिहिली’, आणि या रचनेला कर्मणी प्रयोग म्हणतात. कन्नडमध्ये मात्र क्रियापद कर्त्याशी जुळते, म्हणून तिने लिहिले तर ‘बरेदळु’ आणि त्याने लिहिले तर ‘बरेदनु’. इंग्रजीतील ‘रोट’ कर्त्याशीही जुळत नाही आणि कर्माशीही नाही.

खरी अडचण क्रियाविशेषणापाशी, म्हणजे क्रिया केव्हा, कशी वा किती वेळा घडली हे सांगणाऱ्या शब्दापाशी येते. ‘मी त्याला काल पाहिले आहे’ हे मराठीत सहज चालत असल्यामुळे ‘आय हॅव सीन हिम येस्टरडे’ असे लिहिले जाते. परंतु ‘हॅव’ची ही रचना घडून गेलेल्या क्रियेचे नाते वर्तमानाशी जोडत असल्याने, संपलेली निश्चित वेळ दाखवणारा शब्द तिच्यासोबत प्रमाण इंग्रजीत बसत नाही, आणि तेथे ‘आय सॉ हिम येस्टरडे’ असा साधा भूतकाळच हवा. ‘येस्टरडे’ सहसा वाक्याच्या शेवटी किंवा आरंभी येतो, ‘ऑफन’ व ‘नेव्हर’ मुख्य क्रियापदाच्या आधी येतात, तर क्रियापद आणि त्याचे छोटे कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषण घातले की, ‘शी रोट क्विकली द लेटर’प्रमाणे, वाक्य अडखळते.