वाकळ फुकटात होत नाही : जुन्या लुगड्याच्या पांघरुणाचा खरा हिशेब

मोडनिंब (ता. माढा) : उन्हाळ्यात शेतातली कामं जरा आटपली की आपल्या भागातल्या वाड्यावस्त्यांवर अजूनही एखाद्या अंगणात जुनी लुगडी अंथरलेली दिसतात. चार कोपऱ्यांवर दगड ठेवलेले, कडेनं दोघी-तिघी बसलेल्या, हातात मोठी सुई. पुण्या-मुंबईकडं हिला गोधडी म्हणतात, आपल्याकडं वाकळ. लहान लेकराची असली की दुपटं.

एकेकाळी वाकळ विकत घ्यायची वस्तू नव्हतीच. आता शहरात ती दुकानात मिळते, मोबाईलवरून मागवली जाते. त्यामुळं गावातल्या बचत गटांतही विषय निघतो, की आपणबी शिवून विकाव्यात का? मग किमतीचा प्रश्न आला की ठरलेलं उत्तर येतं : कापड घरचंच, जुनंच, दोऱ्याचे काय ते पैसे लावा. सगळा घोळ इथंच होतो.

लुगड्याचं गणित

वाकळेचं माप लुगड्यानंच ठरवलेलं आहे. नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, सत्तावीस फूट. त्याच्या चार घड्या घातल्या की पावणेसात फूट लांबी येते. माणूस डोक्यापासून पायापर्यंत झाकला जातो आणि कात्री लावायची गरज पडत नाही. म्हणून तर चौघडी हा शब्द आला. आजची साडी साधारण अठरा फुटांची. तिच्या तीन घड्या घातल्या की सहा फूट. पन्हा पावणेचार फुटांच्या आसपास असतो, तेवढी एका माणसाची रुंदी झाली.

आतल्या थरात सगळं चालतं : धोतराचे धडके, फाटका सदरा, उशीचा अभ्रा, शिंप्याकडची कातरण. पण सदऱ्याची कॉलर, बटणपट्टी, खिशाची दुहेरी शिवण आधी काढून टाकावी लागते, नाहीतर तिथं सुई अडकते आणि झोपताना ती गाठ पाठीला टोचते. चिंधीला आपल्याकडं कधी कमी लेखलं नाही. पंढरपुरात धर्मशाळा उभी करणाऱ्या गाडगेबाबांच्या अंगावर ठिगळांचाच कपडा असायचा, लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणायचे.

खरी अडचण साडीचीच

पूर्वी घरातलं प्रत्येक लुगडं सुती होतं. वापरून वापरून ते इतकं मऊ व्हायचं की वाकळ पहिल्या रात्रीपासूनच ऊबदार लागायची. आता पेटीत बघितलं तर दहातल्या बऱ्याच साड्या पॉलिस्टरच्या निघतात. दिसायला झकपक, रंग जात नाही, पण घाम शोषत नाहीत. थरावर थर ठेवला की घसरतात. अशा साड्यांची वाकळ दोन धुण्यांत वाकडी होते.

कापड कोणतं हे हाताला कळलं नाही तर एक सोपी परीक्षा आहे. कडेचे चार धागे काढायचे, चिमट्यात धरून घराबाहेर, वारा नसलेल्या जागी पेटवायचे. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिस्टर आधी आकसतं, मग वितळतं आणि टोकाला काळी कडक गोळी राहते. टेरिकॉटमध्ये दोन्ही थोडं थोडं दिसतं. शाळेच्या गणवेशाची कातरण सोलापुरात भरपूर निघते, पण ती बहुतेक टेरिकॉटचीच असते. ती वरच्या नक्षीला वापरावी, अंगाला लागणाऱ्या बाजूला नको.

मग पॉलिस्टरच्या साड्यांचं काय करायचं? त्यांना दुसरी वाट आहे आणि ती शेतकऱ्यांना चांगली माहीत आहे. डाळिंबाच्या बागेवर उन्हाच्या चट्ट्यापासून फळ वाचवायला ह्याच साड्या अंथरल्या जातात. रानडुकरांसाठी पिकाभोवती बांधल्या जातात. उरलेल्यांच्या पट्ट्या फाडून वेणी घातली की पायपुसणं होतं, आणि ते लवकर वाळतं ही जमेची बाजू. सुती लुगडं मात्र बोहारणीला एका पातेल्यावर देऊन टाकण्याआधी दोनदा विचार करावा. ते आता सहज मिळत नाही.

शिवायची कशी

कापड आधी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचं. आटणारं कापड इथंच आटलं पाहिजे, शिवल्यावर आटलं तर वाकळेला सुरकुत्या पडतात. मग खाली अस्तर, मधे तुकड्यांचे थर, वर चांगलं कापड. मधल्या तुकड्यांच्या कडा एकमेकांवर चार बोटं चढवायच्या. भोक राहिलं तर थंडीत बरोबर तिथूनच गार लागतंय.

दोघींनी समोरासमोर धरून कापड ताणायचं, दगड ठेवायचे आणि लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर बांधून घ्यायचे. मग बाहेरची कड आत दुमडून धावदोऱ्यानं सुरुवात करायची, चारी बाजूंनी फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं. ताण कमी पडला तर सगळं सैल कापड ढकलत ढकलत मधे येतं आणि वाकळेला पोट सुटतं. जाणती बाई वाकळ हातात घेतली की आधी मध्यभागी हात फिरवून बघते, तो ह्याच्यासाठी.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायकाही अशाच कडेकडून मध्याकडं शिवतात, तिथं तिला कवंदी म्हणतात. बंगालात जुन्या साड्यांची कांथा होते. म्हणजे ही कला एकट्या आपल्या गावची नाही, पण चार घड्यांचं माप नऊवारीमुळं खास आपलं आहे.

आता पैशाचं बोलू

सहा फूट बाय चार फुटांची वाकळ घ्या. ओळी एक इंचाच्या अंतरानं घातल्या तर एकूण शिवण होते 288 फूट. एका इंचात तीन टाके धरले तर दहा हजारांवर टाके झाले. चार-पाच थरांतून सुई काढायची म्हणजे मिनिटाला दहा टाके धरू. नुसत्या टाक्यांनाच सतरा तास लागले. धुणं, उसवणं, जुळवणं, कच्चे टाके यांचे सहा-सात तास वेगळे. म्हणजे चोवीस तास, आठ तासांचा एक असे तीन पूर्ण दिवस.

रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये होती. तीन दिवसांचे 936 झाले. त्यात दोरा, सुया, साबण आणि सुती कापडाची किंमत धरली की आकडा हजाराच्या वर जातो. ओळी अर्ध्या इंचावर घातल्या, जशा चांगल्या वाकळेत असतात, तर टाके वीस हजारांवर जातात, पाच दिवस लागतात आणि नुसती मजुरीच 1560 रुपये होते.

टाक्यांचा वेग बाईबाईगणिक वेगळा असणार, पण हिशेबाची रीत हीच. पाचशे रुपयांना वाकळ विकली की बाईनं मजुरी तर सोडलीच, वर स्वतःचं लुगडंही देऊन टाकलं. घरात शिवताना तिचे तास कुणी मोजले नाहीत, म्हणून ती फुकट वाटली. बाजारात तसं चालत नाही. सोलापूरची चादर यंत्रमागावर विणली जाते, तिच्या किमतीशी हाताच्या वाकळेनं बरोबरी करायला जाऊच नये.

दूरच्या एका गावाची गोष्ट इथं उपयोगाची आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची नदीकाठची वस्ती आहे. तिथल्या शेतमजूर कृष्णवर्णीय बायका कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या, थंडीसाठीच. 1966 मध्ये त्या भागातल्या बायकांनी सहकारी संस्था काढली. 2002 मध्ये ह्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, 2006 मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. एवढं नाव झालं, तरी आपल्या वाट्याचे पैसे मिळाले नाहीत म्हणून 2007 मध्ये काही जणींनी कोर्टात दावे लावले. पुढच्या वर्षी ते तडजोडीनं मिटले. नाव होणं वेगळं, हातात पैसे पडणं वेगळं.

विकायची वाट

बचत गट 'उमेद' अभियानात असेल तर तालुक्याच्या उमेद कक्षात विचारावं. मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात राज्यभरातल्या गटांना माल मांडता येतो, आणि उमेदची ऑनलाइन विक्रीची सोयही आहे. पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत दर्जी आहे, गोधडी शिवणं असा वेगळा व्यवसाय नाही. शिवणकाम हाच धंदा असलेल्या बाईला दर्जी म्हणून अर्ज करता येतो. घरटी एकालाच लाभ, प्रशिक्षणाचे दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत. पाच टक्के व्याजानं पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्जही आहे, पण सुई-दोऱ्याच्या कामाला लाखाचं कर्ज कशाला लागतंय हा विचार ज्याचा त्यानं करावा. शिलाई मशीन घ्यायचं असेल तर गोष्ट वेगळी.

मध्ये व्यापारी असेल तर त्याला पक्की वाकळ द्यायची आणि पैसे मोजून घ्यायचे, 'विकल्यावर देतो' ह्यावर नाही. वाकळेच्या आतल्या बाजूला कोपऱ्यात शिवणारीचं आणि गावाचं नाव सुतानं टाकून ठेवावं. फोटो सकाळच्या उन्हात, सावली न पाडता काढावा. एक फोटो पूर्ण, एक टाक्यांचा जवळून. कापड जुनं आहे, धुतलेलं आहे, आत काय काय घातलंय हे सरळ लिहावं. शहरातलं गिऱ्हाईक जुन्या कापडाला नाही म्हणत नाही, लपवाछपवीला म्हणतं.

आणि धुण्याची सूचना चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावी. भिजलेली वाकळ भलती जड होते. मशीनमध्ये घातली तर आतले तुकडे गोळा होतात. टबात भिजवायची, पायानं तुडवायची, दोघांनी मिळून हलकी पिळायची आणि दोरीवर न टांगता खाटेवर किंवा गच्चीत आडवी पसरून वाळवायची.